कुसाबाई ऊर्फ नाथा हिच्या नावे

गोटीराम, आजीकडे यायची वाट तू इतकी वर्षं विसरलास, म्हणून आधी नाव सांगते. मी सगुणाबाई भ्रतार कोंडाजी शेवाळे, तुझ्या बापाची आई, वय सत्तरच्या आसपास, धंदा मसाला कांडण्याचा, राहणार भद्रकाली, नाशिक. मला अक्षर येत नाही. बोलते मी, लिहितो इसाक मुनशी. डोकं ठिकाणावर आहे. मंगळवारी हललं होतं, ते का, तेही सांगते.

मंगळवारी तू उगवलास आणि नाटकमंडळीचा जुना फोटो माझ्यापुढे आपटलास. "आजी, तुझी कुसाबाई म्हणजे हा नाथा! रंग लावून बाई व्हायचा, गडी आहे गडी!" चेहरा मी ओळखला. बारा वर्षं जोडीनं मसाला कांडला, एका चुलीवर जेवलो, एका खोलीत निजलो, आणि मला पत्ता नाही! आवाज जाड, म्हटलं, मालेगावकडचं पाणी. दोघींचं जातं एकटी ओढायची. म्हटलं, ओढतेय तर ओढू दे. पहाटे दार लावून बसायची. म्हटलं, केवढं सोवळं बाईचं!

तू गेल्यावर कुसाला विचारलं. म्हणाली, "आक्का, मंडळी मोडली तशी सगळे लुगडी टाकून गावी गेले. मीही टाकून बघितलं. आरशात परका गडी दिसला."

दोन दिवस मी माझी भाकरी वेगळी थापली. तरी ठरवलं ते असं.

माझ्या कमाईचं दोन खोल्यांचं घर, जातं, उखळ-मुसळ आणि सगळं गिऱ्हाईक कुसाबाईला. इसाक म्हणतो, कोर्टात टिकायला 'ऊर्फ नाथा' लिहावं लागेल. लिही बाबा. गोटीराम, गडी म्हणून तिला काढशील तर गड्याला दिलंय, बाई म्हणून काढशील तर बाईला.

तुला आजोबांचा फेटा. तो बांधून कोर्टात जाऊ नकोस, कसर लागलीय.

बाई गेली की तिला बायकांनीच न्हाऊ घालायचं, ही आपली रीत. मला कुसा घालील. तिला कोणी अडवलं तर मला उचलू नये.

साक्षीदार: जैतुनबी, शेजारीण (अंगठा). रंगनाथ, हमाल (सही).
सगुणाबाईचा डावा अंगठा, हस्ते इसाक मुनशी.
नाशिक, तारीख ११ माहे फेब्रुवारी सन १९३७.

अंगठा उठवल्यावर आठवलं, तेही लिही इसाक. ज्याचं माणूस जातं, त्याच्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही आणि कडू घास शेजारी आणतात. तो गोटीरामकडे नेऊ नये. कुसाकडे पाठवावा: पिठलं आणि बाजरीची भाकरी, गरम. आणि जैतुनबी, समोर बसून खायला लाव तिला.