ज्याच्या त्याच्या नावाची लाकडं

बागली, जि. देवास
चैत्र वद्य तृतीया

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या कमळीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग आता जमत नाही, तेव्हा उभ्यानेच कंबरेत वाकले तो साष्टांग समजून घ्यावा.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन उचलत नाहीस, मोबाइलवर निरोप पाठवला तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे पोस्टाचं पत्र. हाती आलेलं अक्षर वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, एवढी मी तुला ओळखते. स्वानंद इंदूरहून आला असेल तर खुशाल त्याच्यासमोर वाच. तुझ्या लेकाचं सगळं शिक्षण हिंदीत झालं, मराठी छापलेलं असलं तरी तो अडखळतो, माझं हे घाईचं अक्षर त्याला काय लागणार!

वहिनी गेल्यापासून तू आवराआवर चालवली आहेस, ते सगळं माझ्या कानावर येतं. देवळातली पूजा चुलत पुतण्याला दिलीस. तांब्याची भांडी देवासच्या शरदकडे पोचती केलीस, सोवळी वाटून टाकलीस, आणि आता बागलीचं आपल्या दोघांच्या नावावरचं शेत इंदूरच्या कुणा फार्महाउसवाल्याला विकून 'मोकळा' व्हायचं म्हणतोस. गेल्या अक्षय तृतीयेला मी तुझ्याकडून वर्षाची मुदत मागून घेतली. वर्षात शेताने आपला खर्च आपण काढला नाही तर निमूट सही करीन, असं तुझ्या देवघरासमोर बोलले. ती अक्षय तृतीया पंधरा दिवसांवर आली, म्हणून ही हकिगत. ती सरळ येणार नाही, कारण मी एका जागी बसलेली नाही. एक ओळ लिहिते, अंगणात फेरी मारते, मग दुसरी लिहिते. बत्तीस वर्षं सरकारी शाळेत घंटेवर उठले-बसले. निवृत्त झाल्यापासून घंटा वाजत नाही, आणि थांबायचं कुठे हे पायांना कळत नाही.

नाल्याच्या बाजूने बाभळींनी दोन बिघे गिळले होते, हे तुला ठाऊक आहे. त्या काढल्या की गव्हाला जागा होईल, आणि लाकूड विकून वरखर्च निघेल, असा माझा दुहेरी बेत. (गणित शिकवणाऱ्या बाईला असेच बेत सुचतात, आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असणार असं वाटत राहतं.) पटवाऱ्याला विचारून, रीतसर कागद करून बाभळी पाडल्या, तुकडे करून गोठ्यामागे रचले, फाटकावर 'जळाऊ लकडी मिलेगी' अशी पाटी लावली आणि त्याच दिवशी फत्तेसिंगला विचारलं, विकायचं कधी? फत्तेसिंग म्हणजे आपला बटाईदार. पंचवीस वर्षं आपली जमीन कसतोय, पण मी काही विचारलं की अजून आधी आभाळाकडे बघतो. म्हणाला, दिवाळीनंतर. मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, अरे, वैशाखाचं ऊन आहे, आठ दिवसांत वाळेल. त्यावर तो म्हणाला, "बेनजी, लकड़ी हे, पापड़ नी हे."

दादा, लाकूड वाळताना तू कधी पाहिलं आहेस का? पाहण्यासारखं काहीही नसतं. मी रोज सकाळी एकच ओंडका धान्याच्या काट्यावर घालून वजन करू लागले. रोज पाव-अर्धा किलो कमी भरायचा, आणि मला आनंद मानावा की दुःख तेच समजेना, कारण माल सुधारत होता आणि विकायला मात्र दिवसेंदिवस कमी उरत होता. घरातला उभा पंखा लांब वायर लावून ढिगाकडे तोंड करून ठेवला. त्याने धूळ उडाली आणि कोंबड्या गोठ्यात राहायला गेल्या. मग फत्तेसिंगने शिकवलं की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं बद्द वाजतं. हे कळल्यावर मी दिवसभर आपटतच बसले. शेजारच्या शेतातला माणूस येऊन विचारून गेला, बेनजींकडे भजन आहे का म्हणून.

अशात शरदच्या लेकीचं, ऋजुताचं लग्न आलं. तू आला नाहीस (हल्ली तू कुठेच जात नाहीस), तेव्हा तुझे डोळे तरी वाचले. आजकाल लोकांना घरात गॅस आणि लग्नात चुलीवरचं जेवण हवं असतं. मी शरदला म्हटलं, लाकूड बाहेरून कशाला, आपलं घरचं आहे. पाडून जेमतेम तीन आठवडे झाले होते, पण मला दम कुठला निघायला! सतवासच्या हलवायाने दोन तुकडे आपटून पाहिले आणि माझ्यापुढे हात जोडले. मी म्हटलं, भिया, पेटव तू, बाकी मी बघते. त्याने पेटवलं, आणि त्यानंतर कुणालाच काही दिसलं नाही. धूर भट्ट्यांवरून उठून मांडवात शिरला तो मुक्कामालाच. अंतरपाटाच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे गुरुजींना आवाजावरून ठरवावं लागलं. अक्षता अंदाजाने टाकल्या गेल्या, त्यातल्या निम्म्या बँडवाल्यांना मिळाल्या. एकची पंगत साडेचारला बसली, आणि वरणाला असा वास होता की वरपक्षाने ते भाजलेल्या वांग्याचं समजून पुन्हा मागून घेतलं. पाठवणीला ऋजुताची आई रडेना. बायका म्हणाल्या, किती कठोर! बिचारी सकाळपासून रडत होती, पाणी शिल्लक असतं तर रडली असती ना. शरद तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत जयसिंगराव आले. बागलीतले जयसिंगराव तुला आठवतील. आजोबा संस्थानात कारभारी, स्वतः तहसिलीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी बोलणं अजून दरबारातलं. लग्नातला धूर त्यांनीही खाल्ला होता. मला वाटलं भांडायला आले. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. आदल्या श्रावणात त्यांचे मित्र मल्हारराव गेले तेव्हा नेमकं लाकूड ओलं निघालं, आणि सकाळी नेलेला माणूस दिवेलागणीपर्यंत धुमसत राहिला. जन्मभर वेळेआधी कचेरीत पोचणाऱ्या माणसाला शेवटी एवढा उशीर व्हावा, हे जयसिंगरावांच्या मनाला फार लागलं होतं. तेव्हा त्यांना चार क्विंटल बाभूळ हवी होती. लगेच नको, नीट वाळवून, बाजूला ठेवून, खास स्वतःसाठी. मी म्हटलं, अहो, असं अभद्र काय बोलता! तर म्हणाले, "बाईसाहेब, अभद्र काय ते काल मांडवात झालं. हा व्यवहार आहे." आणि अर्धी रक्कम ओट्यावर ठेवून त्यांनी स्वतः एकेक तुकडा निवडला. गाठीचा एक घेतला नाही. मी पाटीवर खडूने त्यांचं नाव लिहून ती ढिगाला टेकवली. माझी ती पहिली खरी विक्री, आणि माल मात्र माझ्याकडेच.

माल बघायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. गावापासून शेत दीड किलोमीटर, जाऊन-येऊन तीन. आठवड्यातून दोनदा ते आपला ढीग उलथायचे, वरचं खाली, खालचं वर. (वय ऐंशीला एक कमी.) त्यांचं पाहून गावातले खंडोजी आले. खंडोजींनी बायकोचीही नोंदणी करून टाकली, तेव्हा सुरेखावहिनी रिक्षा करून भांडायला आल्या, की आयुष्यात एक वस्तू तरी मला विचारून घ्यायची होतीत! नवऱ्याने निवडलेलं सगळं बाजूला सारून त्यांनी आपलं आपण निवडलं आणि आपला ढीग खंडोजींच्या ढिगापासून चार हात लांब रचून घेतला. आषाढ सरेपर्यंत अकरा ढीग आणि अकरा पाट्या झाल्या. पावसाळाभर माझा फोन वाजत होता. आभाळ भरलं रे भरलं की अकरा जण विचारणार, माझ्यावर ताडपत्री घातलीत ना? मीही सांगायची, घातली हो, तुमच्या पायाशी विटाही ठेवल्या.

पुढे ते नुसतं बघायला येईनात, बसायलाच येऊ लागले. माझ्या शाळेच्या सवयीने मी हजेरी घेऊ लागले. कुणी दोन दिवस आलं नाही तर बाकीचे घरी जाऊन बघून येत. रविवारी गोवऱ्यांवर कणकेचे बाफले भाजले जात. जयसिंगरावांची साखर उतरली, खंडोजींचा खोकला पळाला, डॉक्टरांनी औषध विचारलं तर म्हणाले, बाभूळ. भाद्रपद गेला, थंडी गेली, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी (हे कसं लिहावं कळत नाही) कुणालाच मालाची गरज पडली नाही. दादा, मी देवाशपथ सांगते, माझ्या मनात कधी वाईट आलं नाही. पण धंदा म्हणून बघितलं तर असं दुकान मी तरी दुसरं पाहिलं नाही.

फाल्गुनात अजेय नावाचा एक तरुण आला. हायवेवर त्याने नवा ढाबा काढला आहे, सगळं चुलीवर. त्याने दोन तुकडे आपटले, ते असे खणखणले की तो जागेवरच म्हणाला, सगळं देऊन टाका आंटी, उद्या पिकअप आणतो. सांगितलेल्या भावात शेताचा वर्षाचा खर्च निघून वर चार पैसे उरत होते. आणि मला तुझं देवघर दिसलं. मी फार विचार केला नाही, विचार करायला बसावं लागतं. म्हटलं, या अकरा जणांना कुठे घाई आहे! यांना लागेल तोवर नवं वाळेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, पिकअप बोलावली. अर्धी भरलीही. आणि जयसिंगराव छत्री घेऊन फाटकात उभे.

ते ओरडले असते तर मी तयार होते, माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा आहे. ते सरळ आपल्या उरलेल्या ढिगावर जाऊन बसले. मी समजावलं, मग रागावले, मग नव्या लाकडाचं वचन दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घर मुलाचं झालं, जमीन नातवाची झाली. माझ्या मालकीचं म्हणून एवढंच आहे बाईसाहेब. ते गाडीत घालू नका." फत्तेसिंग आभाळाकडे बघत होता. अजेयने गाडी बंद केली. मग मी पदर खोचला आणि भरलेलं सगळं माझ्या हातांनी उतरवलं, ज्याचं त्याच्या पाटीखाली. संध्याकाळपर्यंत पुरलं ते काम, आणि वर्षभरात त्या एका दिवशी माझे पाय शांत होते.

तेव्हा दादा, मी हरले. गहू बियाण्यापुरताच आला, आणि लाकूड आहे पण विक्री नाही. दिला शब्द मी मोडत नाही, सही करायला कधी यायचं ते कळव. फक्त एक सांगते आणि थांबते. तू भांडी दिलीस तेव्हा मी काही बोलले नाही, पूजा दिलीस तेव्हाही नाही. पण शेतही द्यायला निघालास तेव्हापासून मला भीती वाटते. सगळं देऊन झाल्यावर माणूस काय करतो, हा प्रश्न मला दिवसातून दहादा उठवतो. माझं तू सोडून वडीलधारं कुणी नाही. पथ्य सांभाळ, गार पाण्याने अंघोळ करू नकोस, आणि रागावला असलास तर रागावून का होईना, पण फोन उचल.

तुझी धाकटी,
कमल

ता. क. फार्महाउसवाल्याला विचारून ठेव, गोठ्यामागे अकरा ढीग राहिले तर त्याला चालेल का. तिथे तो पोहायचा तलाव करणार असं स्वानंद म्हणत होता. जयसिंगरावांनी तलावाविरुद्ध अर्ज लिहिला आहे, तीन प्रतींत. त्यातली एक सोबत जोडली आहे.

आणखी एक ता. क. वर काय लिहिलं ते असू दे. आज सकाळी फत्तेसिंगकडून नाल्याकाठची शेवटची बाभूळ पाडून घेतली. सगळ्यांत जाड तीच होती. तुकडे करून रचले आणि पाटीवर 'नीलकंठ' लिहिलं. बारावा ढीग तुझा. चिरलेल्या बुंध्यातून अजून पाणी झिरपतंय. फत्तेसिंग म्हणतो, हे वाळायला दोन उन्हाळे कुठेच गेले नाहीत, तिसराही लागेल. तोपर्यंत तुला कुठेही जायची परवानगी नाही, आणि शेत विकलंस तर तुझं लाकूड ठेवायचं कुठे, ते तूच सांग. इथे आपला ढीग आपणच उलथायचा असतो. तुझा शनिवारी उलथायचा आहे. शुक्रवारी ये.