शाळेतली आई

मंगळवार, तारीख ४

चि. धाकटे,

आशीर्वाद. आम्ही दोघी, मी आणि तुझी लेक, इकडे ठीक आहोत, म्हणजे खातोपितो आणि भांडतो. तुझं जहाज सध्या कुठल्या पाण्यात आहे देव जाणे. पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकते, ते पुढे पोचवतात म्हणे. फोन आहे, पण तो वाजला की भिंगरी माझ्या कानाला कान लावून उभी राहते आणि तुझ्या पाठीमागे तुझ्या कामावरची ती धुलाईची यंत्रं घरघरत असतात. त्यात काय डोंबल बोलणार.

मोरीतला नळ अजून गळतोय. प्लंबर पुन्हा आला, नळाकडे बघून मान हलवली, चहा प्यायला, गेला. अशी नोकरी मला का नाही मिळाली?

भिंगरीला चष्मा लागला. लगेच कपाळाला हात लावू नकोस, बारीकसाच नंबर आहे. शाळेतच कळलं. या नव्या शाळेचं काय सांगू, तिथे शाळा कमी आणि बाजार जास्त. दवाखान्यातली नर्स येऊन पोरांचे डोळे-दात बघते. शेजारच्या वाचनालयाने एक खोली देऊन टाकलीय. चौकातला सायकलवाला पोरांना पंक्चर काढायला शिकवतो. आणि दर शनिवारी घरच्या माणसांना बोलावतात, का तर म्हणे शाळा आणि वस्तीने मिळून पोरं वाढवायची. हे सगळं जुळवते ती एक बाई, खांद्याला एवढी थोरली झोळी. मी तिला झोळीवालीच म्हणते. बोलताना मान इतकी डोलावते की मला तिच्या मानेची काळजी वाटते. पण बाई कामाची आहे, खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की सुट्टी मंजूर झाली आणि तू बंदरावरून थेट शाळेच्या मेळाव्याला येणार, भिंगरीला चकित करणार. कशाला? तिथे मरणाची गर्दी असते. खुर्च्या पोरांच्या मापाच्या, बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. शिवाय तू प्रवासातून येणार, दमलेली असशील, तोंड सुकलेलं असेल. त्यापेक्षा मेळावा होऊ दे, मग सावकाश घरी ये. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? पोरीला चकित-बिकित करायची काही गरज नाही. ती सध्या आहे तशीच पुरे चकित आहे.

सकाळपासून चित्त एका जागी नाही. डाळ निवडायला घेतली आणि निवडलेली पुन्हा निवडत बसले. हवा बदलतेय म्हणून असेल.

मेळाव्यानंतर ये. मी सांगते ना.

आई


शुक्रवार, तारीख २१

चि. धाकटे,

तुझं पत्र मिळालं. ‘आई, तू मला येऊ नको का म्हणतेस’ ही ओळ तू इतकी दाबून लिहिलीयस की कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी लागते. बरं. तुझ्या पुढ्यात खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. लांबून जमेल असं वाटलं होतं, तेही जमलं नाही.

वरच्या मजल्यावर बेकरीवाली राहते, तुला फोनवर सांगितलं होतं. पहाटे बेकरीत जाते, दुपारी मोकळी होते. जिना उतरताना चपला अशा फटफट आपटते की जिन्यालाच शिक्षा चाललीय असं वाटावं, आणि हसते तेव्हा खालच्या मजल्यावर माझी भांडी वाजतात. नवरा मालट्रक चालवतो, महिन्यातून कधीतरी उगवतो. मला ती आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज होणार नाही.

भिंगरीला या शाळेत घातलं त्याच आठवड्यात निरोप आला, शनिवारी आईने किंवा वडिलांनी यावं. तिच्या बापाचा विषय मी या पत्रात काढणार नाही, शाई फुकट जाईल. राहिलीस तू, तर तू समुद्रात. जुन्या शाळेत काय झालं होतं ते तुला मी पुरतं सांगितलंच नव्हतं. तू गेलीस आणि तिथल्या मास्तरणीला दया आली. सगळ्या वर्गासमोर पोरीला जवळ घ्यायची, डोक्यावरून हात फिरवायची, मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातलं द्यायची. बाईचं मन चांगलं, पण पोरं काय ते ओळखून चुकली. ‘आईने टाकलेली’ म्हणायला लागली. भिंगरी घरी येऊन काही बोलायची नाही, नुसती जेवणाचा डबा तसाच भरलेला परत आणायची. म्हणून तर शाळा बदलली. लांब पडते म्हणून बदलली असं तुला सांगितलं, तेही एक खोटंच घे.

तर नव्या शाळेत पहिल्याच दिवशी तेच पुन्हा सुरू होऊ द्यायचं नव्हतं मला. मी वर गेले. बेकरीवालीला म्हटलं, “शनिवारी तासभर मोकळी आहेस का?”

“कशाला हो काकू?”

“आई व्हायचंय.”

ती आधी हसली. भांडी वाजली. मग तिने माझं तोंड नीट बघितलं. म्हणाली, “साडी कुठली नेसू?”

ती गेली. तुझ्या नावाने बसली, तुझ्या नावाने सही केली. एकदाच जायचं ठरलं होतं गं. पण पुढच्या शनिवारी भिंगरीच म्हणाली, तिला पाठव. मग त्याच्या पुढच्या शनिवारी. ही बया तिथे नुसती बसून राहिली असती तर निभावलं असतं, पण तिला गप्प बसता येतं होय? तिने बेकरीच्या मालकाला पटवून उरलेला पाव रोज दुपारी शाळेत पाठवायला लावला. नर्सला गाठून म्हणाली, माझी पोर फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चष्मा त्यातून लागला. आणि आता तिला पालक समितीवर निवडून घेतलंय. मेळाव्याच्या पाटीवर नाव लागणार आहे. तिचं नाही, तुझं.

शाळेत तुझं नाव फार चांगलं आहे, धाकटे. तू उंबरठासुद्धा ओलांडला नाहीस आणि झोळीवाली मला रस्त्यात थांबवून सांगते, “आजी, मुलगी काय गुणाची आहे हो तुमची!” मी म्हणते, हो, आहेच. एवढंच त्यातलं खरं.

आता तू त्या दिवशी बंदरावरून थेट तिथे उभी राहिलीस तर काय होईल ते तूच बघ. मी आणि बेकरीवाली खोट्या ठरलो तर ठरलो. पण भिंगरी सगळ्या शाळेसमोर खोटारडी ठरेल, आणि हे लचांड तिच्या गळ्यात मी घातलंय.

अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही. हात दुखतोय म्हणायचं, झालं.

आई


गुरुवार, तारीख ४

धाकटे,

तू फोनवर रडली नाहीस, ते बरं केलंस. “मग मी कोण म्हणून येऊ?” एवढंच विचारलंस आणि भिंगरी बाजूला होती म्हणून मी नळाचं बोलत बसले. आता ती शाळेत आहे. लिहिते.

राहिलेली गोष्ट आधी. तुझी सुट्टी मंजूर झाल्याचं मी भिंगरीला सांगितलं तेव्हा ती उड्या मारेल असं मला वाटलं होतं. ती अभ्यास सोडून उठली, बसली, पुन्हा उठली. मग विचारते कशी, “आजी, आईला मेळाव्याला यायचंच असेल तर ती मावशी म्हणून येईल का?”

मी म्हटलं, “कुणाची मावशी?”

“माझी. आई तर तिथे आहे ना आधीच.”

हे मी तुझ्यापासून लपवत होते. बाकी सगळं लपवत होते ते याच्यामुळेच. आणि जिन्यात मागल्या आठवड्यात भिंगरी तिला, बेकरीवालीला, घरातल्यासारखी आई म्हणून हाक मारून गेली. तिथे तर शाळेतलं कुणी नव्हतं. बेकरीवाली पायरीवर तशीच उभी राहिली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काकू, हे आता थांबवा. माझ्याच्याने थांबायचं नाही.” तेव्हा पहिल्यांदा मला ती बरी वाटली. थोडीच.

सोमवारी मी पायात चपला अडकवल्या आणि शाळेत गेले. रस्त्यात दोनदा मागे फिरले. एकदा तर सायकलवाल्याच्या दुकानात शिरून उगाच त्याच्या पंपाची चौकशी केली. झोळीवाली वाचनालयाच्या खोलीत खुर्च्या मांडत होती. मी बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सगळं ओकले. तिची मान पहिल्यांदाच डोलायची थांबली.

म्हणाली, “आजी, तुम्ही आला असता तरी चाललं असतं. घरातलं कुणीही चालतं. तुम्ही विचारलं का नाही?”

“विचारायला आले असते तर तुम्ही विचारलं असतं, आई कुठे आहे.”

“विचारलं असतंच!” ती चिडली गं. चांगली लाल झाली. “विचारण्यासाठीच तर आम्ही बसलोय! ज्यांचे आईवडील कामासाठी लांब आहेत अशी कितीतरी मुलं आहेत शाळेत. वाचनालयाने खोली कशासाठी दिलीय? दर शनिवारी त्या पडद्यावर त्या लोकांना फोन लावून देतो आम्ही. ते शिक्षकांशी बोलतात, मुलांच्या वह्या बघतात. एकाचे वडील वाळवंटात क्रेन चालवतात, ते कधी चुकवत नाहीत.”

मी त्या भिंतीवरच्या पडद्याकडे बघत राहिले. म्हणजे बघ, तुझ्यासारखीसाठीच केलेली सोय, आणि मी तुलाच तिथून हाकलून दिलं होतं. आणि भिंगरी दर शनिवारी तिथे बेकरीवालीच्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या आया त्या पडद्यावर हसताना बघत होती. तिला ठाऊक होतं. घरी येऊन तिने एकदाही सांगितलं नाही, बेकरीवालीनेही नाही. सांगितलं असतं तर आमचा सगळा डोलारा पडला असता, आणि शाळेतली आई गेली असती. एवढीशी पोर, केवढं तोंड मिटून बसली होती. हा गुण माझ्याकडून आलाय, तुझ्याकडून नाही.

झोळीवाली म्हणाली, समितीला सांगावं लागेल, पण मुलीला कुणी काही विचारणार नाही. काल समिती बसली. बेकरीवालीने स्वतःच उभं राहून सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर होते, तिचा आवाज काय, रस्त्यावरही गेला असेल. “मी तिची आई नाही. मी वर राहते. पाव मात्र खरा होता.” आत कुणीतरी हसलं, कुणीतरी नाही हसलं. दोघीतिघी फणकाऱ्याने उठून गेल्या. शेवटी ठरलं की ती समितीवर राहील, शेजारीण म्हणून, स्वतःच्या नावाने. तुझं नाव पाटीवरून काढलं. वाईट वाटून घेऊ नकोस, तू काही केलंच नव्हतंस.

भिंगरी माझ्याशी बोलत नव्हती. पाठ करून झोपली, पाठ करून जेवली. भिंतीला सांगायची, “हिला म्हणावं मीठ दे.” मी भिंतीला सांगायची, “हिला म्हणावं हाताने घे.” आज सकाळी वेणी घालताना मी विचारलं, सरळच विचारलं, “आईने मेळाव्याला यायचं की नाही? तू नको म्हणशील तर येणार नाही. मावशी होऊन मात्र ती येणार नाही. ते मी चालू द्यायची नाही.”

मी वेणी घालून पुन्हा सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

मग म्हणाली, “येऊ दे.” आणि वर, “पण पहिल्या रांगेत नको. पहिल्या रांगेत ती बसते. मेळाव्याच्या नाटकाच्या तालमीत मी विसरले की ती ओठ हलवून सांगते. आईला माझं काम पाठ नाही.”

तुला लागेल हे. लागू दे. मी त्यात पाणी घालून लिहिणार नाही, आजवर पुष्कळ घातलं. पण ‘येऊ दे’ म्हणाली आहे, तेही नीट वाच. दुसऱ्या कुणी तिच्या तोंडात घातलेलं नाही.

तेव्हा बंदरावरून थेट ये. तोंड सुकलेलं असलं तरी ये. दारात झोळीवाली विचारेल, तुम्ही कोण, तेव्हा भिंगरीची आई म्हणून सांग, मोठ्याने सांग. पोरीला कडेवर उचलायला धावू नकोस, ती आता मोठी झालीय आणि सगळे बघत असतात. तिने बघितलं तर तूही बघ. तिने नाही बघितलं तर समोर बघ. खुर्च्या लहान आहेत, हे मात्र मी खोटं लिहिलं नव्हतं.

मी आधी जाऊन तुझी खुर्ची धरून ठेवते. पिशवी ठेवीन तिच्यावर. कुणी हलव म्हणालं तर माझं तोंड तुला माहीत आहे.

तुझी आई,
दुसरी रांग, खिडकीच्या बाजूने