सुमीच्या गालावरचा डाग

१२ मे १९८४, रत्नागिरी, संध्याकाळ

आठवडाभर वही उघडली नाही, चुकलंच माझं. पण आज राहवत नाही.

नात सुमी सोळा वर्षांची. तिच्या वर्गातला विनय मुंबईला गेला, त्याने पत्रातून तिचा फोटो मागितला. मी फोटोवाल्याला गुपचूप सांगून तिच्या नव्या फोटोतला गालावरचा डाग काढून घेतला. लहानपणी काजू भाजताना मीच तिला जवळ बसवलं होतं, बियांच्या टरफलातलं तेल तिच्या गालावर उडालं. डाग माझाच ना?

फोटो बघून सुमी म्हणाली, "आजोबा, ही कोण? विनय मला डागासकट ओळखतो." तिने जुनाच फोटो पाठवला.

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. आता वेणी घालताना ती गालावर केस ओढते. आधी कधी ओढत नव्हती. म्हणजे डाग मी तिला दोनदा दिला?

विनय, बाळा, दोन ओळी लवकर टाक.