ताकारीला उतरलेलं विमान

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं. हयात असतात तर हे पत्र तुम्ही शेजारच्या कुणाकडनं तरी वाचून घेतलं असतं आणि दिवस मावळायच्या आत सुनेच्या मनातलं सगळं गावभर झालं असतं. आता ती भीती नाही, म्हणून लिहायला बसले आहे. झालं असं, की परवा टीव्हीवर एक विमान हरवलं. माणसांनी भरलेलं, चांगलं मोठं. कुठं गेलं, कुणाला पत्ता नाही. आणि आपल्या घरात जो तो सांगतोय, ते कुठं असेल. तुमचा धाकटा नातू म्हणतो पळवलं, थोरला म्हणतो समुद्रात गेलं, आणि नातसून भाजी निवडता निवडता म्हणते, मला तर पायलटाचाच संशय येतोय. बया कधी मोटारसायकलवर नीट बसली नाही! मला मात्र तुमची इतकी आठवण आली की जेवण गेलं नाही.

त्या वेळी माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. देश नुकता स्वतंत्र झालेला. तुमचा लेक पलटणीत, बंगळूरला, एका साहेबाचा अर्दली. साहेब आपल्यातलाच, पुण्याचा. घरात तुम्ही, मी, एक म्हैस आणि ओढ्याकाठचा ऊस. सासरे तर मी पाहिलेच नाहीत. ह्यांच्याच पलटणीतला एक गडी कडेगावला रजेवर आला होता, तो वाट वाकडी करून आला आणि अंगणातनंच ओरडला, “वयनी, सायेब त्येला संगट इमानातनं आणणार हाय! मागनं येतोयच.” तुम्ही शेण थापत होतात. हात तसेच ठेवून म्हणालात, “माज्या पोराला कराडच्या मोटारीत बसलं तरी वकारी येतीया. त्ये इमानात बसतंय व्हय? सायबाच्या अंगावर वकलं म्हंजी?” पण पाण्याला जाताना मात्र तुम्ही नेहमीच्या वाटेनं गेला नाहीत. सगळ्या आळीला वळसा घालून गेलात, आणि ज्या दारात बायका दिसतील तिथं घागर खाली ठेवून दम खात होतात.

आणि मग मास्तरांकडं पुण्याचं वर्तमानपत्र आलं, एक दिवस शिळं. बंगळूरहून मुंबईला निघालेलं प्रवासी विमान बेपत्ता. कोल्हापूरच्या पुढं आलं होतं एवढं कळलं, मग काहीच नाही. मास्तरांनी ते पारावर मोठ्यानं वाचलं आणि सगळा गाव वळून आपल्या घराकडं बघायला लागला. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात आले. तुम्ही म्हणालात, “इमानं काय एकच असत्यात व्हय? चूल बघ, भाकरी करपतीया.” खरंच करपली होती.

त्यानंतर गावाला दुसरा धंदा राहिला नाही. शिंपी म्हणाला, आभाळात भोवरे असतात, त्यात सापडलं की विमान गरगरत वरच जातं, खाली येतच नाही. कुणी म्हणालं, आत सोनं होतं, इंग्रजांनी जाता जाता तेवढं नेलं. त्यात सरकारनं शोधायला दुसरी विमानं सोडली. ती डोंगरावरनं खाली खाली फिरायची, आणि एक आलं की सगळी आळी बाहेर धावायची, “गावलं! गावलं! ते बगा चाललंय!” हरवलेलं विमान असं रोज सकाळ-संध्याकाळ सापडत होतं. तुम्ही कपाळावर हात धरून वर बघायचात आणि म्हणायचात, “आरं मुडद्यांनो, हरवल्यालं असं बोंबलत फिरंल का?” मला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं. खरं सांगते, तुमचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. पोटचा पोरगा त्यात असेल-नसेल, आणि ही बाई थट्टा कशी करते!

डोंगर हुडकायचा ठरला, तर तिथंही आपल्या गावानं आपलं पाणी दाखवलं. घराघरात पेन्शनर. मोहिमेचा म्होरक्या कोण? पहिल्या लढाईतले जमादार म्हणाले, हुद्दा माझा मोठा. दुसऱ्या लढाईतले हवालदार म्हणाले, “हुद्दा मोठा, पण जलमभर खेचरं हाकलीस गड्या. आमी गोळ्या खाल्ल्यात.” जमादार म्हणाले, “खेचरांनी दाणागोटा आणला न्हसता तर काय खाल्लं असतंस रं? गोळ्याच!” ह्यात दुपार टळली. जुने खाकी कोट घालून, पदकं लावून माणसं ताटकळली. शेवटी दोन तुकड्या झाल्या, एक उगवतीकडनं चढली, एक मावळतीकडनं. करवंदीच्या जाळ्यांपाशी दोन्हींनी एकमेकींना वेढा घातला, आणि “कोन हाय? हात वर!” असं दोन्हीकडनं चाललं. विमान नाही मिळालं. हवालदारांचं हरवलेलं रेडकू तेवढं मिळालं, आणि ते आपल्या तुकडीला मिळालं म्हणून जमादारांनी ते वाजतगाजत आणलं.

मग राहिला देव. गुरवानं कौल लावला. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि साऱ्या गावादेखत विचारलं, “देवा, इमान आमच्या शिवंत पडलं असंल तर उजवी दे.” उजवी पडली. गावानं गुलाल काढला. तेवढ्यात डोंगरापलीकडच्या गावचा माणूस आला, म्हणे आमच्या देवानंही उजवीच दिलीय, विमान आमच्या शिवेत आहे. झालं! विमान राहिलं बाजूला, कुणाचा देव खरा ह्यावर जुंपली. त्या गोंधळात गुरव तुमच्याकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, “आक्का, पोराचा कौल लावू का?” मी पदर तोंडाला धरून उभी. माझा जीव त्या पाकळीवर. आणि तुम्ही म्हणालात, “नगं. देवाला आधी इमान तर गावू दे.” लोक हसले. मी घरी येऊन तुमच्याशी बोललेच नाही. उजव्या पाकळीनं माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला असता, तेवढाही ह्या बाईनं मिळू दिला नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीची ती आली, लोकांच्या घरातलं वाईट जिला आधी कळायचं ती. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि माझ्या मनगटांकडं बघत म्हणाली, “आवं, वाईट वाटून घिऊ नगा. पर पोरीच्या हातात काकणं हायती. बातमी आली म्हंजी घाई व्हती, आदी इच्यार केल्याला बरा.” मी हात पदराखाली घेतले. तुम्ही मात्र अगदी गोड आवाजात म्हणालात, “बरी आटवण केलीस बाई. काकणं जुनीच झाल्यात तिची.” आणि तिलाच पाठवलंत कासाराला बोलवायला! कासार आला, पेटी उघडली आणि चुळबुळ करायला लागला. “म्हातारे, पर लोक म्हंत्यात...” तुम्ही म्हणालात, “तुजं काम काकणं भरायचं. इमान हुडकायचं न्हाई. हिरवी काड. कोपरापतूर भर.”

मी ओसरीवर बसले आहे, समोर निम्मी आळी जमली आहे, आणि कासार माझा हात दाबून दाबून काकण चढवतो आहे. हात माझा जाड, काकण नेमकं अंगठ्याच्या हाडाशी अडतं. मी “आई गं” म्हणते. तुम्ही खांबाशी उभ्या असता, पटकन पुढं येऊन माझं मनगट धरता. धरता आणि इंगळी चावल्यासारखा हात मागं घेता. तुम्ही विधवा. चुडा भरताना तुमचा हात लागायला नको होता. तसली शिवाशिव एरवी तुम्ही जुमानत नव्हतात, गावाला तोंडावर सांगायचात. पण त्या दिवशी तुमचं तोंड पांढरंफटक पडलं. “दूद उतू जातंय,” म्हणालात आणि आत गेलात. चुलीवर दूध नव्हतं आत्याबाई. चूलच विझलेली होती. तेव्हा मला कळलं, तुम्हालाही काहीच माहीत नाही. कौल तुम्ही का लावू दिला नाहीत, तेही तेव्हाच कळलं. माझे दोन्ही हात हिरवेगार झाले होते आणि मी त्या कासारापुढं हुंदके देऊन रडले. त्याला वाटलं काकण रुतलं.

त्यानंतर एका सकाळी अंगणात हीच सगळी मंडळी बसलेली असताना तुमचा लेक दारात उभा. डोक्यावर भली मोठी लोखंडी पेटी, टोपी वाकडी. जमादारांच्या हातातला चहा सांडला. शेवटी हवालदारांनी खाकरून विचारलं, “कशानं आलास रं?” आणि ह्या शहाण्यानं, सगळा गाव आपल्या स्वागताला जमलाय असं समजून, वाटेत घोकून ठेवलेलं सांगून टाकलं, “इमानातनं! ढग असं खाली, कापूस पिंजल्यावानी. मड्डम बिस्कुटं देतीया.” हवालदारांनी विचारलं, “उतारलास कुटं?” हे म्हणाले, “ताकारीला, ठेसनावर.” तुम्ही उठलात. चार पावलं गेलात आणि अशी सणसणीत मुस्काटात ठेवून दिलीत की टोपी म्हशीपुढं जाऊन पडली. “ताकारीला इमान थांबतं व्हय रं भाड्या?”

मग खरं बाहेर आलं. विमानात जागा नाही म्हणून साहेबानं आयत्या वेळी ह्यांना उतरवलं, पेटी दिली आणि म्हणाला, तू रेल्वेनं जा, घरी दोन दिवस राहा आणि मग पेटी पुण्याला आण. मिरजेला पेटीची पावती हरवली, म्हणून कित्येक दिवस पेटी सुटेना. सगळा मुलूख विमानाचं बोलत होता, आणि हे पार्सल हापिसाच्या दारात बसून डुलक्या काढत होते. अंगण हसून हसून लोळायला लागलं. हेही हसायला लागले, गाल चोळत. आणि मग म्हणाले, “सायेब मला कच्चा खाईल. पेटीची वाट बगत बसला आसंल.” हवालदारांनीच, जन्मात पहिल्यांदा आवाज न चढवता, साहेबाचं विमान हरवल्याचं त्यांना सांगितलं. हे पेटीवर बसले आणि लहान पोरागत रडायला लागले. तुम्ही म्हशीपुढची टोपी उचलून झटकलीत. मग विचारलंत, “सायबाला आई हाय का रं?” ते म्हणाले, “हाय की. पुण्यात.”

आणि तुम्ही, जी बाई मिरजेच्या पलीकडं कधी गेली नव्हती, दुसऱ्या दिवशी लेकाबरोबर आगगाडीत बसून पुण्याला गेलात. पेटी द्यायला हे एकटे पुरले असते, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, “माजं आलंय आन् तिचं आलं न्हाई. पेटी घिऊन पोरगंच फकस्त दारात उबं ऱ्हायलं, तर तिनं कुणाकडं बगायचं?” तिथं काय बोललात ते तुम्ही कधी सांगितलं नाही. हे एवढंच सांगायचे, की दोघी जोत्यावर बसल्या होत्या आणि कुणीच बोलत नव्हतं. विमान पुढं कोकणाच्या अंगाला जंगलात सापडलं म्हणे. दोन्ही गावांचे देव खोटे पडले, ह्यावर मात्र दोन्ही गावांचं एकमत झालं नाही.

तुम्ही गेलात, मागनं हेही गेले. शेवटपर्यंत नातवंडांना ढगांचं सांगायचे, कापूस पिंजल्यावानी, आणि मी अडवायची नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, चुलीतच घालणार आहे, गॅस असला तरी न्हाणीघराची चूल अजून आहे. पण एक सांगते. ते दारात उभे राहिले तेव्हा मी आधी त्यांच्याकडं बघितलंच नाही. आधी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमच्या तोंडावर रंग परत आला, आणि मग मला रडू फुटलं. मी त्यांना बघून रडले असं त्यांना जन्मभर वाटत होतं. मीही ते तसंच वाटू दिलं.