बावचीचं तेल

माय, मला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच्या आठ दिवस आधीची ही गोष्ट. महाराष्ट्र व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. माझ्या गालावर सुपारीएवढा पांढरा डाग होता. वैदूने बावचीचं तेल दिलं आणि बजावलं, लावून कोवळ्या उन्हात पाव तास बसवा, जास्त नाही. मी पळाले. तू मला वेणीला धरून खळ्यात ओढत आणलंस, दोन मुस्काटात दिल्यास आणि गाडीच्या चाकाला ओढणीने बांधलंस. "बस आठे! हाऊ डाग गया नही ते तुले कोन करी?"

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी गाल तापला. तिसऱ्या सकाळी डोळा मिटला होता आणि कानापासून हनुवटीपर्यंत फोड टरारले होते. ते फुटले तसं कातडं केळीच्या सोपटासारखं सुटून आलं. मी गुरासारखी हंबरत होते. बाप शेतातून आला, हातात बैलांची पराणी तशीच. त्याने तुला विचारलंसुद्धा नाही. ओसरीपासून विहिरीपर्यंत तो तुला झोडपत जातो आहे, तू डोक्यावर हात धरले आहेस, आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज येतो. "वैदूनी सांगं तितलंच बसाडं मी तिले!" तू ओरडत होतीस. पाहुणे आलेच नाहीत. तुझा हात वाकडाच जुळला, आणि त्या हाताने थापलेली भाकरी मी कितीदा ताटातून भिरकावली. राग होता, दुसरं काय.

पुढे मी नर्स झाले, चामडीच्या वॉर्डात. तिथले डॉक्टर पांढऱ्या डागांना बावचीतलंच औषध देत आणि मिनिटं मोजून उजेडात बसवत. एकदा त्यांनी समजावून सांगितलं. औषध कातडीच्या पेशींत मुरतं, वर उन्हातला न दिसणारा उजेड पडला की पेशींचा गाभाच मोडतो. घायाळ पेशी शेजारच्यांना खबर देतात, रक्त धावून येतं, सूज चढते, आणि त्या खबरींनी आणखी पेशी स्वतःचा जीव घेतात. याला दोन दिवस लागतात, म्हणून कोणत्या उन्हाने भाजलं ते घरात कळत नाही. पण गालभर कातडं मरायला पाव तासाचं कोवळं ऊन पुरत नाही, म्हणाले. 

मला ते आधीच माहीत होतं. त्याच दिवशी ओढणी सोडून तू शेतात गेलीस, तेव्हा मी कोनाड्यातली बाटली काढली. डाग तुझ्यापेक्षा मलाच जास्त नको होता, माय. गालभर तेल चोपडून मी भर दुपारी घराच्या धाब्यावर, उघड्या छपरावर, तोंड वर करून पडून राहिले. बापू तुला मारत होता तेव्हा मी दारातच होते. एक शब्द बोलले असते तर त्याचा हात थांबला असता. भीतीने बोलले नाही, आणि नंतर तू जाईपर्यंत बोलले नाही. हा कागद आता पाठवू तरी कुठे? कालच शेजारणीने विचारलं, गालाला काय झालं हो. मी म्हटलं, आईने भाजलं.