दाराची रिंग

आये,

आज दुपारी वर आभाळात एका घराला नवी खोली जोडली. घर म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारं अंतराळ स्थानक. तिथे माणसं महिनोन्‌महिने तरंगत राहतात, तरंगतच जेवतात आणि भिंतीला बांधून घेऊन झोपतात. नवी खोली म्हणजे प्रयोगशाळा. तिच्यात रोपं वाढवून बघणार आहेत, रक्ताचे थेंब तपासणार आहेत, आणखी काय काय. तुला हे सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, "आनि मोरी कुठं हाय?" मलाही त्यातलं सगळं कळतं अशातला भाग नाही. पण ती खोली आणि ते घर जिथे जुळतात, तिथल्या दाराला हवा बाहेर जाऊ नये म्हणून एक रबरी रिंग बसवलेली आहे. ती आमच्या गाळ्यात तयार झाली, आणि तिच्या कागदावर तपासणारीची सही माझी आहे. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली, तरी हे पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं.

आपलं नायगावचं स्वयंपाकघर आठवतं. खाडीकडची भातखाचरं विकून झाली होती, तिथे बिल्डिंगांचे खांब उभे राहत होते, आणि तू वसईच्या एका रबर कारखान्यातून रिंगांची गोणी घरी आणायला लागली होतीस. साच्यातून निघालेल्या रिंगेला कडेनं पातळ जास्तीचं रबर राहतं. कारखान्यात त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, तू त्याला मिशी म्हणायचीस. ब्लेडनं ती मिशी काढायची, एवढंच काम. भात रटरटतोय, तू पाट ओढून बसली आहेस, पदराला रबराचा करपट वास येतोय. मिशी निघाली की तू रिंग खालच्या ओठावरून हळूच गोल फिरवतेस. कुठे मिशीचा कण राहिला असेल, ब्लेड लागून बारीक चीर पडली असेल, तर तुला तिथेच कळतं. "बोटाला नाय समजत बाय, ओठाला समजतं," तू म्हणायचीस. शेजारची काकू दारातून डोकावून हसायची, "बगा, रबराचं मुकं घेत बसलीय." तूही हसायचीस. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि मैत्रिणी घरी यायच्या असल्या की मी ती गोणी न्हाणीघरात नेऊन लपवायचे.

मी सातवीत असताना एकदा गावदेवीच्या जत्रेला जायची घाई होती. माझ्या हातून एका रिंगेला ब्लेड लागलं. नखाएवढीही चीर नव्हती. मी ती गुपचूप तयार मालात टाकली. तुझ्या ते कसं लक्षात आलं कोण जाणे, बहुतेक माझ्या तोंडावरूनच. तू पूर्ण गोणी जमिनीवर ओतलीस. मी म्हटलं, एवढीशी तर चीर आहे. तेव्हा तू जे बोललीस ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "आपल्या बांधाला खेकड्यानी भोक केला व्हता, ता केवरा व्हता? करंगली जायल येवरा. खाडीचा पानी आत आला ना आक्खा पीक गेला. तुज्या आज्यानी चार दिस तोंडात घास नाय घेतला. यो रिंग कोनाच्या घरी लागंल, तुला ठाव हाय? नाय ना? मंग सगल्या परत बगायच्या." जत्रा राहिली. संध्याकाळपर्यंत आपण दोघी समोरासमोर बसून रिंगा बघत होतो, आणि मी रडत होते तरी तू मला उठू दिलं नाहीस. त्या दिवशी तुझा फार राग आला होता, आये. खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं तो गेला नाही.

पुढे मी बारावी झाले, रबराचा डिप्लोमा केला, आणि नशिबाची गंमत बघ, नोकरी लागली तीही रिंगांच्याच गाळ्यात. फरक एवढाच की मी पांढरा कोट घालते, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि लोक मला मॅडम म्हणतात. कॅमेऱ्याचं मशीन आहे, ते रिंगेचा कोपरानकोपरा मोठा करून पडद्यावर दाखवतं. त्यानंतर स्पिरिटनं पुसलेलं बोट एकदा फिरवायचं, एवढीच मुभा. प्रयोगशाळेच्या दाराचं काम आलं तेव्हा शेठनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ह्याच्यात गडबड नाय पायजेल." रिंग चांगली परातीपेक्षा मोठी. तीन केल्या. पहिली मशीननंच नापास केली. दुसरी मशीनमधून स्वच्छ बाहेर आली. रिंग न्यायला प्रयोगशाळा बांधणाऱ्यांची इंजिनिअर आली होती, माझ्या भाचीच्या वयाची, वहीत सगळं टिपून घेणारी. तिच्यासमोर मी बोट फिरवलं आणि एका जागी अडखळले. पुन्हा फिरवलं. पुन्हा काहीतरी लागलं. मी म्हटलं, नापास. शेठ म्हणाले, "मॅडम, मशीन पास बोलतेय ना? मग?" मी रिंग बाजूला ठेवली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "ताईंना वाटतंय तर नको." नापास मालाचे तुकडे करायचा नियम आहे, कुणी चुकून वापरू नये म्हणून. तुकडे केले आणि भिंगाखाली धरले. काहीही नव्हतं. रिंग अगदी निर्दोष होती.

मला फार लाज वाटली. मी डबा न उघडता बसून राहिले. मग सहज डाव्या हाताचं बोट त्या तुकड्यावरून फिरवलं, तर गुळगुळीत. उजव्याचं फिरवलं, तर लागलं. बोट भिंगाखाली धरलं. रोजच्या स्पिरिटनं टोकाची कातडी कोरडी पडून तिथे केसाएवढी भेग गेली होती. मला जे लागत होतं ते माझंच होतं. आणि तिथे बसल्या बसल्या मला तुझे हात दिसले. बांधाच्या चिखलानं, खाऱ्या पाण्यानं, नंतर ब्लेडनं फाटलेले, कोकमतेल चोळूनही न भरणारे. मी आयुष्यभर समजत होते की ओठ ही तुझी काहीतरी खास करामत होती. तुझ्या बोटांत काही उरलंच नव्हतं, म्हणून तू ओठ लावत होतीस. "बोटाला नाय समजत," हे तू मला सरळ सांगितलं होतंस, आणि मी ते तुझं शहाणपण म्हणून ऐकत राहिले. मला त्या क्षणी तुझे हात हातात घ्यायचे होते, आये. दुसरं काही सुचत नव्हतं.

आता एकच रिंग उरली. दुसऱ्या दिवशी मशीननं तिला पास केलं, पण आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर मला माझ्या बोटाचा भरवसा राहिला नव्हता, आणि डाव्या हाताला सवय नाही. ती मुलगी परत आली होती, बाहेर शेठबरोबर चहा घेत होती. या रिंगेच्या भरवशावर माणसं श्वास घेणार होती, आणि ती कोण, कुठल्या गावची, मला ठाऊक नव्हतं. मी मास्क खाली केला, श्वास रोखला आणि रिंग खालच्या ओठावरून पूर्ण गोल फिरवली. कुठेही काही लागलं नाही. मग स्पिरिटनं नियमाप्रमाणे दोनदा पुसली, परत मशीनखाली घातली, पिशवीत बंद केली. कागदावर लिहिलं, स्पर्शतपासणी बोटाने केली. खाली सही केली. शेठना कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि त्यांचं चुकलं असतं असंही मी म्हणणार नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे एका फोनभोवती बसलो होतो. खोली सरकत सरकत आली आणि घराला चिकटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझे हात उचलले गेले नाहीत. कारण खरी परीक्षा पुढेच असते. दोन दारांमधल्या जागेत हवा भरतात आणि दाब दाखवणारा काटा खाली येतोय का ते तासन्‌तास बघत बसतात. काटा उतरला तर दार उघडत नाहीत. मी कामाला लागले, पण चारदा त्याच रिंगेची मापं चुकीची लिहिली. चहाच्या वेळी विचारलं, अजून नाही. मनात सारखा आपला बांध, आणि आत येणारं खारं पाणी. नवसबिवस मी करत नाही हे तुला ठाऊक आहे. आज गावदेवीला नारळ बोलून बसले.

सुट्टी व्हायच्या थोडं आधी त्या मुलीचा फोन आला. ती ओरडतच होती. "ताई, काटा हलला नाही! दार उघडलं! आत गेले ते!" डोळे पुसायला पदर नव्हता, कोटाच्या बाहीनंच पुसले.

हे सगळं मी कुणाला वाचून दाखवणार नाही. ओठाची गोष्ट यात लिहिली आहे, तेव्हा पत्र कपाटातच राहील. पण एक गोष्ट तुझ्यापासून तरी लपवायची नाही. फोन ठेवायच्या आधी त्या मुलीनं विचारलं, "ताई, इतकं बारकाईनं बघायला तुम्ही शिकलात कुठे?" तुझं नाव ओठावर आलं होतं. पण शेठ शेजारी उभे होते, फोन स्पीकरवर होता, आणि मी म्हटलं, "डिप्लोमाला होतं." ती म्हणाली, "छान शिकवलं हं तुमच्या सरांनी."

मी हो म्हटलं, आये.