आजोबांची करवत हिंसक होती का?

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या सातांवर भागवून घे.) तब्येत कशी आहे? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना, की सुनेला नुसतंच "घातले" म्हणून सांगतेस? तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, थेंब न घातलेला डोळा मला पत्रातल्या अक्षरावरूनही ओळखता येतो. फोन सोडून पत्र का, याचं नवल वाटू देऊ नकोस. फोनवर तू पहिली पाच मिनिटं "ऐकू येतंय का" विचारतेस, पुढची पाच मिनिटं मी जेवलो का ते विचारतेस आणि मग समाधानाने फोन ठेवतेस. मला जे सांगायचंय ते त्याहून लांब आहे, आणि सांगताना तू मध्ये बोलू नयेस अशी माझी लहानपणापासूनची इच्छा आहे.

तर शाळेला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त सुतारकामाच्या वर्गाला आजोबांचं नाव द्यायचं ठरलं. दारावर त्यांचं चित्र आणि खाली चार ओळी. ते त्या वर्गात आयुष्यभर शिकवायचे आणि बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कशासाठी गेले ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे आदर अगदी निर्भेळ होता. चार ओळी लिहायला चौघांची समिती नेमली: मुख्याध्यापिकाबाई, इतिहासाचे निवृत्त सर, व्यायामाचे निवृत्त सर आणि मी. मला नातू म्हणून, म्हणजे पुरावा म्हणून घेतलं होतं. पुराव्याने बोलायचं नसतं हे मला पहिल्याच सभेत कळलं.

दोन्ही सर माझी जुनी गिऱ्हाइकं. इतिहासाच्या सरांना लांबचं लख्ख दिसतं, जवळचं दिसत नाही. व्यायामाच्या सरांचं बरोबर उलटं. चष्मा लावला तर दोघांनाही सगळं दिसेल, पण सभेला येताना दोघंही चष्मा खिशात ठेवतात. इतिहासाच्या सरांचं म्हणणं, स्वातंत्र्य अहिंसेने मिळालं, तेव्हा आजोबा अहिंसकच असणार. व्यायामाचे सर म्हणाले की जोर दाखवल्याशिवाय साधा भाडेकरूसुद्धा घर सोडत नाही, तिथे साम्राज्याची काय कथा! हे त्यांनी मुद्दाम काढलं. (इतिहासाच्या सरांच्या वरच्या मजल्यावर अकरा वर्षं एक भाडेकरू ठाण मांडून आहे. सर त्याचं हृदयपरिवर्तन करताहेत. मध्यंतरी त्याने गॅलरीही बंद करून घेतली.) त्यावर इतिहासाचे सर शांतपणे म्हणाले की ज्यांना डोळ्यात थेंब घालून घेताना बायकोचा हात धरावा लागतो त्यांनी सशस्त्र क्रांतीवर बोलू नये. ही बातमी त्यांना कुठून कळली ते मला माहीत नाही. (माझ्याकडूनच कळली असेल. दुकानात माणूस बोलतो.)

भांडण चार ओळींवरून चित्रावर आलं. चित्रकलेच्या सरांना आधी व्यायामाचे सर भेटले, म्हणून आजोबांच्या हातात पिस्तूल आलं. ते पाहून इतिहासाचे सर मुख्याध्यापिकाबाईंच्या दालनात उपोषणाला बसले. सकाळी नाश्ता करून बसले आणि दुपारी घरून डबा आला तेव्हा उपोषण यशस्वी झाल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. पिस्तूल गेलं, चरखा आला. आता व्यायामाचे सर सभागृहाला कुलूप लावून किल्ली खिशात घालून घरी गेले आणि सातवीची गणिताची परीक्षा व्हरांड्यात घ्यावी लागली. चरखाही गेला. पण हात तोच राहिला ना! पिस्तूल धरलेला हात रिकामा सोडला तर विचित्र दिसतो. शेवटी चित्रकलेच्या सरांनी कंटाळून त्यात कागदाची गुंडाळी दिली. आता आजोबा ती गुंडाळी रोखून समोरच्याला "पाणीपट्टी भरली का?" असं विचारताहेत असं दिसतं. आजोबांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे एवढं रोखून पाहिलं नसेल.

मग बाईंनी मला फर्मावलं की कोर्टाच्या निकालाची नक्कल आणा, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. मी चार खेपा घातल्या. तिथला रेकॉर्ड कारकून धुळीने शिंकायचा आणि प्रत्येक शिंकेनंतर कुठपर्यंत आलो होतो ते विसरून पहिल्या गठ्ठ्यापासून सुरुवात करायचा. चौथ्या खेपेला नक्कल मिळाली. मी तिथेच बाकावर बसून वाचली, आणि आत्या, खरं सांगतो, उठायचं विसरलो.

आजोबांनी तारेचा खांब कापला होता. शाळेतलीच करवत नेऊन, गावाबाहेर, दिवेलागणीच्या आधी. सोबत आणखी दोघं होते, त्यांची नावं त्यांनी शेवटपर्यंत सांगितली नाहीत. बेत असा की खांब चारातले तीन हिस्से कापायचा आणि दोर लावून पाडायचा. पण पोलिसाची शिट्टी ऐकू आली आणि तिघेही पळाले. अर्धवट कापलेला खांब तसाच उभा राहिला. सकाळी तारा तपासायला लाइनमन आला, खांबावर चढला आणि खांबासकट खाली आला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आजोबांना कोणीही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन चौकीत गेले, करवत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, खांब मी कापला. दीड वर्ष सक्तमजुरी.

लाइनमनकाका तुला आठवत असतील. मला तर लख्ख आठवतात. महिन्या-दोन महिन्यांनी कुबडी टेकत यायचे, ओट्यावर बसून लाकडी पाय सोडायचे आणि आजोबांच्या हातात द्यायचे. आजोबा त्याला रंधा मारायचे, पट्टा बदलायचे, आतून नवं कातडं लावायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत. सुताराकडे अशीही गिऱ्हाइकं येतात अशी माझी समजूत होती. मी एकदा विचारलं, काका, तुमचा खरा पाय कुठे गेला? "पडलो," म्हणाले. आजोबांचा रंधा तेव्हा मध्येच थांबला होता, हे मला त्या बाकावर बसल्यावर आठवलं.

आता तूच सांग, हे कुठल्या बाजूला मांडायचं? मी सभेत छाती काढून, खणखणीत आवाजात निकाल वाचून दाखवला. आधी दोघंही खूश! "करवत म्हणजे हत्यारच की," असं म्हणत व्यायामाच्या सरांनी टेबलावर मूठ आपटली. आपण होऊन चौकीत जाणं हा सत्याग्रह, असं म्हणून इतिहासाच्या सरांनी डोळे मिटले. मग लाइनमनचा पाय आला आणि दोघांचेही चेहरे उतरले. इतिहासाचे सर म्हणाले की खांब निर्जीव असतो, तेव्हा खांबापुरती ती अहिंसाच, पण पायाचा उल्लेख टाळावा, मुलांच्या मनावर परिणाम होतो. व्यायामाचे सर हळहळले, पाय गेला तो नेमका आपल्याच माणसाचा. गोऱ्या साहेबाचा गेला असता तर चित्रात घेता आला असता! अर्ध्या तासात त्या दोघांचं एकमत झालं. शाळेच्या इतिहासात हे पहिलंच. असा घोटाळ्याचा माणूस दारावर नको, वर्गाला नुसतं "सुतारकाम" म्हणावं. बाहेर पडताना तर ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. अहिंसेने जे जमलं नाही आणि शस्त्राने जे जमलं नाही, ते आजोबांना वगळल्यावर जमलं.

मला राग आला. म्हणजे घरी आल्यावर आला. ही म्हणाली, राग नंतर करा, आधी त्या माणसाच्या घरी जाऊन या, तुमच्या चौघांच्या सभेत त्याच्या घरचं कोणी होतं का? हिचं बोलणं असं असतं, की लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी मी आधी चपला घालतो आणि मग विचार करतो.

लाइनमनकाकांची मुलगी नर्स होती, आता निवृत्त आहे. दोन खोल्या, लख्ख स्वच्छ. मी कोण ते सांगितलं तर म्हणाल्या, "या. सुतारगुरुजींचे नातू ना? नाक तेच आहे." मी निकालाची नक्कल पुढे केली. त्यांनी हातात घेतली नाही, सगळं माहीत होतं त्यांना. तुरुंगातून सुटल्यावर आजोबा घरी न जाता आधी त्यांच्या दारात उभे राहिले होते म्हणे. त्यांच्या आईने दार लावून घेतलं. आजोबा दुसऱ्या दिवशी गेले, दार पुन्हा लागलं. असे सतरा दिवस. अठराव्या दिवशी काकांनी आतून ओरडून विचारलं, "नुसता उभा काय राहतोस? माप तरी घे!"

मी भीत भीत विचारलं, मग काकांनी आजोबांना माफ केलं होतं का? त्या म्हणाल्या, "माफ केलं असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. पण पाय दुसऱ्या कोणाकडून करून घेतला नाही. सरकारी दवाखान्यात हलका, नवा मिळत होता, तरी नाही."

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "लावायचंच असेल तर दोघांची नावं लावा. तुमच्या आजोबांनी काय केलं आणि माझ्या बाबांचं काय झालं, दोन्ही लिहा. नाहीतर एकाचंही नको." आवाज चढवला नाही, उपोषणाची धमकी नाही, किल्ली खिशात घातली नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम आहे. ही बरी आहे, दुकान बरं चाललंय. तुझ्या सुनेला आशीर्वाद आणि थेंबांच्या बाबतीत कडक राहायची विनंती.

तुझा भाचा,
चष्मेवाला

ता. क. सोबत एक टाइप केलेला कागद आहे, तो बिलासारखा दिसला तरी बिल नाही. मुख्याध्यापिकाबाई दोन्ही नावांना तयार आहेत, पण दोन्ही सर म्हणतात की घराण्याची बदनामी होईल, तेव्हा घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या व्यक्तीची लेखी संमती हवी. ती व्यक्ती म्हणजे तू. फुली केली आहे तिथे सही कर. नाही म्हणायचं असेल तर लगेच कळव, कारण तू आनंदाने हो म्हणालीस असं मी सभेत सांगून बसलोय.

ता. क. (दुसरा) छाती काढून निकाल वाचला असं वर लिहिलंय, ते तेवढं खरं नाही. नक्कल मी आठ दिवस दुकानात काचांच्या खोक्याखाली लपवून ठेवली होती. सभेला नेलेल्या कागदांत ती चुकून गेली. वाचली मुख्याध्यापिकाबाईंनी. मी त्या वेळी टेबलाखाली माझा चष्मा शोधत होतो. तो पडला नव्हता.

ता. क. (तिसरा) काकांच्या मुलीने मला दारापर्यंत सोडताना तुझी चौकशी केली. म्हणाल्या, त्या सतरा दिवसांतले शेवटचे काही दिवस गुरुजींचं बोट धरून एक लहान मुलगी यायची, दार लागल्यावरही पायरीवर बसून राहायची. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आम्हाला का नाही सांगितलंस, असं मी विचारणार नाही. मी आठ दिवस लपवलं, तू पंचाहत्तर वर्षं. सही मात्र या आठवड्यात कर.